पावणेसहाचा धूर

१८ नोव्हेंबर २०२४

आज गच्चीवर यंत्र बसलं. मिक्सरच्या खोक्याएवढा डबा, वर पाइप, पाइपावर टोपी. दिवसभर हवा ओढतं आणि एका कागदी फितीतून सोडतं. फितीवर काळा ठिपका पडतो. त्यातून उजेड किती आरपार जातो हे बघून हवेत काजळी किती ते सांगतं. बारीक घुं घुं आवाज करतं. घरात कोणीतरी बोलतंय असं वाटतं, तेवढं बरं आहे.

बसवायला उत्कर्षा नावाची मुलगी आली होती. पीएच.डी. करते. बरोबर आमोद म्हणून एक इंजिनियर होता, तो फक्त वायरींशी बोलतो. ऊस जिथे संपतो आणि शहर सुरू होतं तिथली गच्ची तिला हवी होती. मांजरीत अशी गच्ची शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या मागे ऊस आणि पुढे बारा मजली इमारत आहे.

"काका, घरात चूल वगैरे आहे?" तिनं फॉर्म भरताना विचारलं.

"गॅस आहे. आणि सोलर तुझ्या पाठीमागेच आहे," मी म्हटलं. तिनं 'नाही'वर खूण केली.

कुमुद असती तर तिनं आधी डब्याखाली जुनी चादर घालायला लावली असती आणि मग चहाचं विचारलं असतं. मी चहाचं विचारलं, चादर विसरलो. तिला जाऊन आज शहाण्णव दिवस झाले.

२० नोव्हेंबर

उत्कर्षानं एक वही दिली आहे. आजूबाजूला दिसेल तो धूर लिहायचा. वेळ, दिशा, कशाचा. या वयात याहून सुखाचं काम मला कोणी दिलं नसतं. हवामान खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होतो. तिथला पहिला धडा असा की पाहिलं ते लिहायचं, न पाहिलेलं लिहायचं नाही. 'ढग असावा' असं लिहिणाऱ्याशी आमचे साहेब दिवसभर बोलत नसत.

समोरच्या वेणूबाई सकाळी आठला पाला जाळतात. झाडांना राख चांगली असते म्हणे. झाडं दोन आहेत आणि दोन्ही कुंडीत. बारा मजलीचे वॉचमन नागोराव शेकोटीत काय वाटेल ते घालतात. मी वही दाखवून प्लास्टिक जाळू नका म्हटलं, तर म्हणाले, "साहेब, तुमच्या वहीला थंडी वाजत नाही." तेही लिहून घेतलं. मागच्या शेतापलीकडे संभाजीचं गुऱ्हाळ आहे, ते दिवसभर चिपाडांवर चालतं. एका दिवसात दीड पान भरलं.

बाकी दिवस नेहमीचा. पाच चाळीसला उठून मागच्या दारी बंब पेटवला. एकतीस वर्षं हे काम कुमुदचं होतं, मला काडी कुठे लावायची हेही ठाऊक नव्हतं. सोलर बसवल्यावरही तिनं बंब सोडला नाही, सोलरचं पाणी कोमट येतं म्हणायची. ऑगस्टात ती गेल्यावर पहिले आठ दिवस नुसताच धूर झाला. आता जमतं. आधी नारळाची शेंडी, मग करवंटी, ती धरली की संभाजीनं दिलेल्या ढलप्या. पाणी कढायला लागलं की बंब आतून गुणगुणतो. त्या आवाजानंतर ती मोरीच्या दारातून म्हणायची, "अहो, पाणी काढलंय." दोन बादल्या काढायची, आधी माझी, मग तिची. मीही दोन काढतो. माझी अंघोळ होते. दुसरी निवली की जास्वंदीला घालतो.

२ डिसेंबर

उत्कर्षा फीत बदलायला आली होती. मी विचारलं, मांजरीतली काजळी मोजून जगाच्या हवामानाचं काय कळणार. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि नीट सांगितलं. मला ही मुलगी आवडू लागली आहे, ती मला म्हातारा समजून सोपं करून सांगत नाही.

काजळी ऊन पिते आणि आजूबाजूची हवा तापवते. बर्फावर पडली तर बर्फ काळवंडतो आणि लवकर वितळतो. पण सगळी घाण अशी नसते. कोळशाच्या वीजकेंद्रांतून गंधकाचा जो धूर निघतो, त्याचे कण पांढरे. ते ऊन परत पाठवतात, म्हणजे थोडी सावली धरतात. माणसानं पृथ्वी जितकी तापवून ठेवली आहे तितकी ती आज दिसत नाही, कारण थोडं झाकण या मळकट हवेनं घातलेलं आहे. हवा स्वच्छ झाली की ते उघडं पडेल.

"मग स्वच्छ करायची की नाही?" मी विचारलं.

"करायचीच. माणसं मरतात हो या हवेनं. पण काजळी आधी. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं वर राहतो. काजळी आठवड्यात, फार तर दहा दिवसांत खाली येते. आज थांबवली तर पुढच्या आठवड्यात नाही."

मग म्हणाली की आपली काजळी हिमालयापर्यंतही जाऊ शकते. इथे मात्र मी तिला अडवलं. म्हटलं, या दिवसांत आपल्याकडे पहाटे वारा पूर्वेचा असतो. मांजरीचा धूर घाट उतरून कोकणावरून समुद्रावर जाणार. ती हसली आणि म्हणाली की हिवाळ्यात अरबी समुद्रावर तपकिरी धुरकं पसरतं ते असंच. समुद्राला ऊन कमी मिळतं, वरची हवा तापते, आणि त्यानं पुढच्या पावसाचंही गणित बिघडू शकतं. किती बिघडतं ते अजून नक्की नाही. तेच शोधायचं आहे, म्हणून एकेक ठिपका हवा.

ती गेल्यावर नकाशा काढला. मांजरीहून पश्चिमेला, थोडं दक्षिणेकडे सरकत पट्टी धरली तर श्रीवर्धन येतं. कुमुदचं माहेर. गेल्या मे महिन्यात तिला न्यायचं होतं. मी म्हटलं, उन्हाळा फार आहे, दिवाळीनंतर जाऊ. या वाक्याची मला लाज वाटते.

११ डिसेंबर

उत्कर्षाचा फोन. तीन आठवड्यांचे आकडे एकावर एक ठेवले तेव्हा एक गोष्ट दिसली. रोज पावणेसहाच्या सुमाराला काजळी एकदम चौपट होते, चाळीस मिनिटं तशीच राहते आणि उतरते. लाकूड किंवा चिपाडासारखं काहीतरी असावं, डिझेल नाही. "इतक्या ठरलेल्या वेळेला कोण जाळतंय काका? तुम्ही तर तेव्हा उठलेले असता."

मी म्हटलं, संभाजीचं गुऱ्हाळ. दुसरं काय असणार?

१२ डिसेंबर

पहाटे मला गुऱ्हाळाचा धूर काही दिसला नाही. मी मागच्या दारी बंबापाशी होतो आणि तिथून जास्वंद मध्ये येते. तरी वहीत लिहिलं, '५.४५, पूर्व, गुऱ्हाळ'. चिपाडं, पूर्वेचा वारा, रोज ठरलेली वेळ, सगळं जुळतं.

लिहिल्यावर उगीच हात धुतले.

१९ डिसेंबर

आठ दिवस झाले, रोज तीच नोंद. उत्कर्षा फेब्रुवारीत एका परिषदेत निबंध वाचणार आहे. त्यात पहाटेचा हा धूर मुख्य. गावोगावच्या गुऱ्हाळांचा असा धूर आजवर कोणी मोजलेला नाही म्हणे. माझी वही पुरावा म्हणून जोडणार. "निरीक्षक म्हणून तुमचं नाव घालू ना काका?" मी घाल म्हटलं. चौतीस वर्षांत कोणी घातलं नव्हतं.

संध्याकाळी संभाजी ढलप्यांचं पोतं घेऊन आला. मी नीट बोललो नाही. तो पोतं ठेवून, गुळाचा एक खडा कट्ट्यावर ठेवून गेला.

२५ डिसेंबर, वाघोली

परवा संध्याकाळपासून ऋतुजाकडे आहे. मुलीचा आग्रह होता. वही शेजारच्यांना द्यायला नको म्हणून बरोबरच आणली आहे.

ऋतुजाकडे बटण दाबलं की कढत पाणी. दोन मिनिटांत अंघोळ उरकते. आपण अंघोळ केली असं मात्र वाटत नाही. पाच चाळीसला जाग आली, पण करायला काही नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिलो.

ऋतुजा आली. "बाबा, इकडेच का राहत नाही? तिथे काय आहे आता?"

"यंत्र आहे," मी म्हटलं.

तिनं दिवा लावला. मग म्हणाली, "आई सारखं म्हणायची, यांना एकट्याला साधं पाणीसुद्धा तापवता येणार नाही."

"येतं मला," मी म्हटलं. आवाज वाजवीपेक्षा मोठा लागला. तिनं चहा ठेवला.

२८ डिसेंबर

परवा घरी आलो. काल पहाटे बंब पहिल्याच काडीला धरला. त्याला आणि मला दोघांनाही बरं वाटलं असावं.

आज उत्कर्षाचा फोन. "काका, गंमत बघा. चोवीस, पंचवीस, सव्वीस, तिन्ही दिवस पावणेसहाचा धूर गायब. रेघ सपाट. सत्तावीसला पुन्हा आला. गुऱ्हाळ बंद होतं का हो?"

असणार, मी म्हटलं. नाताळची सुट्टी, असंही म्हटलं. संभाजीचं गुऱ्हाळ नाताळला कशासाठी बंद राहील ते देव जाणे. उद्या जाऊन विचारून येतो.

२९ डिसेंबर

गेलो होतो. काहिलीत रस उकळत होता, त्या वासानं भूक लागली. संभाजी खाटेवर बसला होता. मला बघून उठला आणि जागा झटकून दिली.

मी विचारलं, चोवीस ते सव्वीस गुऱ्हाळ बंद होतं का.

"न्हाई की. तिन्ही दिस चालूच व्हतं. तुम्हीच नव्हता, अण्णा."

"पहाटे किती वाजता पेटवता?"

"चुलवाण? सातच्या आत न्हाई. पोरं उठत्यात कुठं?" मग तो थोडा हसला. "पहाटं धूर निघतो त्यो तुमच्या मागल्या दारचा. इतकी वरसं बघतोय. आमची म्हातारी तर त्यावर उठायची. म्हणायची, उठा रं, वहिनींचा बंब पेटला. वहिनी गेल्यावर मला वाटलं आता बंद हुईल. झाला न्हाई, बरं वाटलं."

मला कोणी थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं. त्यानं गरम गूळ पुढे केला. खाल्ला. जीभ पोळली.

३० डिसेंबर

पाच चाळीसला बंब पेटवला आणि गुडघ्यांची पर्वा न करता लगेच गच्चीवर गेलो. यंत्राच्या पट्टीवर आकडा दिसतो. नऊ. मग अकरा. मग अठरा. खाली वाकून बघितलं तर मागच्या दारातून धूर सरळ वर येत होता आणि जास्वंदीवरून वळून त्या टोपीकडे जात होता. सदतीस झाले. खाली पाणी गुणगुणत होतं, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

सव्वा महिना मी गावभरचा धूर वहीत धरत होतो. हा एकच धूर माझ्या हाताखालून निघत होता, आणि तो मला धूर वाटलाच नाही. ते पाणी तापवणं होतं. कुमुदचं काम होतं. ते वहीत कुठे लिहायचं?

२ जानेवारी २०२५

कोणाला सांगितलेलं नाही. मनात नाही नाही ते येतं. गुपचूप बंब बंद करावा, म्हणजे धूर आपोआप थांबेल आणि उत्कर्षा म्हणेल गुऱ्हाळवाल्यांनी वेळ बदलली. पण मग बंब बंद. किंवा बंब चालू ठेवावा आणि त्याच्या धुराला गुऱ्हाळ म्हणू द्यावं. संभाजीला कोण विचारायला येणार आहे? येईलही कोणी. परिषदेत वाचलेला निबंध कोणत्या टेबलावर जाऊन पडेल हे मला नोकरीतून ठाऊक आहे.

खरं सांगायचं तर मला संभाजीची काळजी दुसरी आणि बंबाची पहिली आहे. पाच चाळीस ते सहा वीस एवढा वेळ कुमुद घरात असते. ती चाळीस मिनिटं गेली तर उरलेला दिवस मी कशाच्या आधारावर काढू?

४ जानेवारी

फोन करून सांगितलं. एका दमात, थांबलो असतो तर राहिलं असतं. मग उत्कर्षा म्हणाली, "उद्या येते."

मग वही घेऊन बसलो. नोंद चुकली तर आमच्याकडे ती पुसायची पद्धत नाही. एक आडवी रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे, वर खरं लिहायचं आणि शेजारी सही. गुऱ्हाळाच्या बारा नोंदी होत्या. बारा रेघा, बारा सह्या. प्रत्येकीवर लिहिलं, 'स्वतःच्या घरचा बंब'. बाराव्या नोंदीला अक्षर बिघडलं.

५ जानेवारी

ती आली. रागावली असेल असं वाटलं होतं, पण फक्त थकलेली दिसली. दीड महिन्याचं काम तिचं. निबंधाचं नाव बदलावं लागेल, म्हणाली. मी माफी मागितली तर म्हणाली, "मी दुपारी आले आणि चुलीचं विचारलं. पहाटे येऊन बघायला हवं होतं. माझंही चुकलं."

बंब बघायला मागच्या दारी गेली. त्याच्या तांब्याच्या पत्र्याला हात लावला. रोज किती लाकूड, किती वेळ, किती पाणी, सगळं विचारून लिहून घेतलं.

"पाणी दोन बादल्या," मी म्हटलं.

तिनं लिहिलं आणि सहज विचारलं, "एकट्याला दोन?"

जास्वंदीकडे बघत राहिलो. तिनं पेनचं टोपण लावलं आणि वही मिटली. तिला कळलं, आणि मलाही तेव्हाच कळलं. पावणेपाच महिने मी कुमुदच्या अंघोळीचं पाणी काढतोय.

चहा झाल्यावर तिनं दोन वाटा सांगितल्या. एक, यंत्र इथून हलवायचं, आमोद उद्या येईल, बंब चालू राहू दे. दुसरी, आठ-दहा दिवस लाकूड तोलून, वेळ लिहून बंब पेटवायचा आणि मग ठरलेल्या दिवशी बंद. एका बंबाची काजळी नेमकी किती, इतकी स्वच्छ नोंद सहसा मिळत नाही. एवढे दिवस फुकट जाणार नाहीत. "तुम्हीच ठरवा काका. मी यातलं काहीच मागत नाही."

६ जानेवारी

सबंध दिवस ठरवण्यात गेला. यंत्र न्या, असं दोनदा फोनवर टाइप केलं आणि पुसलं.

वेणूबाईंच्या दोन कुंड्यांवर मी हसलो होतो. नागोरावांची थंडी वहीत लिहिली होती. आता यंत्र हलवायचं म्हणजे माझ्या धुराकडे बघू नका असंच म्हणणं झालं. कुमुदला हे पटलं नसतं. ती खोटं वजन दिल्याबद्दल मंडईत भाजीवाल्याशी वीस मिनिटं भांडली होती, तेही पावशेर मिरच्यांसाठी.

संध्याकाळी कळवलं. पंधरा तारीख.

११ जानेवारी

कुमुदच्याच ताणकाट्यावर ढलप्या तोलतो. रोज दोन किलो शंभर ग्रॅम. शेंडीचं वजन वेगळं. इतक्या मन लावून बंब मी कधी पेटवला नव्हता. तिनं तरी काय, अंदाजानंच पेटवला असेल.

१५ जानेवारी

शेवटचा दिवस. काल संक्रांत झाली, ऋतुजानं तिळगूळ पाठवला होता, त्यातला एक लाडू बंबाच्या कट्ट्यावर ठेवला. कशासाठी ते विचारू नये.

पाच चाळीसला काडी. वाऱ्याची नोंद: पूर्व, मंद. पाच अठ्ठावन्नला पाणी गुणगुणायला लागलं. दोन बादल्या काढल्या. माझी अंघोळ झाली. मग दुसऱ्या बादलीत हात घातला, अजून कढत होती. तिनंही मीच अंघोळ केली, शेवटच्या तांब्यापर्यंत. जास्वंदीला आज पाणी नाही. मोरीत उभा राहून खूप रडलो. तिच्या तेराव्यालाही इतका रडलो नव्हतो.

सहा वीसला विस्तव विझला. वहीत लिहिलं.

१६ जानेवारी

५.४५. धूर नाही. आकडा आठ, हलला नाही. पाहिलं तेच लिहिलं.

सातला संभाजीचं पोरगं येऊन विचारून गेलं, अण्णा बरे आहेत ना. बापानं पाठवलं होतं, पहाटे धूर दिसला नाही म्हणून.

२३ जानेवारी

आज आठ दिवस झाले. उत्कर्षाच्या मापानं पंधरा तारखेची काजळी आता बहुतेक खाली आली असेल. वारा सगळे दिवस पूर्वेचाच होता, मी रोज बघितला. म्हणजे शेवटच्या बंबाचा धूर घाट उतरला, श्रीवर्धनवरून गेला आणि समुद्रात कुठेतरी पडला. 'असावा' लिहिणं आमच्यात बसत नाही, तरी इथे लिहितो, कारण ही वही माझी आहे. असावा.

ऋतुजाला म्हटलं, मे महिन्यात मला श्रीवर्धनला ने. उन्हाळा फार असतो बाबा, असं ती म्हणाली. असू दे, म्हटलं.

कुमुद, सोलरचं पाणी कोमटच येतं, तुझं बरोबर होतं. आज एकच बादली काढली.